गाडी पुण्यात, तरी गाडीचा मीटर चालूच: वेगळ्या चार्जिंग मीटरच्या बिलाबद्दल

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. साताऱ्यात गोडोलीला तुमचं स्वतःचं घर आहे. २४ युनिट बॅटरीची छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि शोरूमवाल्यांच्या सांगण्यावरून पोर्चमध्ये गाडीसाठी वेगळा मीटर बसवला. गाडीच्या आधी घराचा वापर महिन्याला १८० युनिटच्या आसपास होता. गाडी महिन्याला हजारेक किलोमीटर फिरते. पहिल्या महिन्यात गाडीच्या मीटरवर 'लॉक' शेरा पडून सरासरी बिल आलं. पुढचे दोन महिने रिडिंग घेऊन बिल आलं ते २२५ युनिटच्या घरात. घराचा मीटर आहे तिथेच राहायला हवा होता, तो २३५ वर गेला. मधे मुलगा नऊ दिवस गाडी घेऊन पुण्याला होता, तेवढ्या दिवसांतही गाडीचा मीटर २६ युनिट पुढे सरकला. आता विचारताय की हा वेगळा मीटर परत करून सगळं एकाच मीटरवर घ्यावं का, आणि चार्जिंगला कुठला दर लागायला हवा.

प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: "आरसीसीबी सारखी ट्रिप व्हायची म्हणून वायरमनने ती काढून साधी एमसीबी लावली, आता त्रास नाही." आरसीसीबी म्हणजे करंट कुठे गळला तर पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच, एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा साधा स्विच. माझं अर्धं उत्तर या ओळीत आहे.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे. पंचवीस वर्षांहून जास्त काळ सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात घरगुती वायरिंग आणि मीटरची कामं करतोय, आणि गेली काही वर्षं त्यात गाडीच्या चार्जिंगची कामं वाढली आहेत. तुमचं दुखणं दराचं नाही, जोडणीचं आहे. दराची वर्गवारी (घरगुती, वाणिज्यिक वगैरे) आणि टप्पे (युनिट वाढतील तसा चढता दर) यांचं उत्तरही देतो, पण आधी मीटर खरं मोजायला लागू दे. तोवर कुठलंही गणित केलं तरी ते चुकीच्या आकड्यांवरच होणार.

आपल्याकडचे सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटर करंट दोन जागी मोजतात, फेजच्या वायरवर आणि न्यूट्रलच्या वायरवर. सगळं ठीक असेल तर दोन्हीकडे सारखाच करंट असतो, कारण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधूनच परत येतो. पूर्वी काही लोक न्यूट्रल मीटरमधून न घेता अर्थिंगवर उपकरणं चालवून वीजचोरी करायचे. ती पकडता यावी म्हणून या मीटरमध्ये सोय केलेली असते की दोन्हीकडच्या करंटमध्ये फरक पडला तर जो जास्त असेल तो धरायचा. मीटरवर त्यासाठी एक छोटा लाल दिवाही असतो, बऱ्याच मीटरवर त्याच्याजवळ 'अर्थ लोड' किंवा 'ई एल' असं छापलेलं असतं.

आता तुमच्या घरात काय झालं असावं ते बघा. गाडीच्या मीटरपासून नवीन फेज आणि नवीन न्यूट्रल ओढली. फेज नीट वेगळी गेली. न्यूट्रल मात्र घराच्या डीबीतल्या (एमसीबींच्या पेटीतल्या) न्यूट्रल लिंकला, म्हणजे सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीला, जोडली गेली, किंवा दोन्ही न्यूट्रल एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये एकत्र आल्या. काम करणाऱ्याला वाटतं, न्यूट्रल ती न्यूट्रल, काय फरक पडतो? फरक पडतो तो असा: घरात फ्रीज, गीझर, पंखे चालू झाले की त्यांचा परतीचा करंट दोन वाटांनी परत जातो, अर्धा घराच्या मीटरमधून आणि अर्धा गाडीच्या मीटरमधून. घराच्या मीटरच्या फेजवर पूर्ण करंट आहे, तो तेवढा मोजतो, बरोबरच मोजतो. गाडीच्या मीटरच्या फेजवर शून्य आणि न्यूट्रलवर अर्धा करंट दिसतो. जास्त असेल ते धरायचं या हिशोबाने तो त्या अर्ध्याचं बिल लावतो. गाडी पुण्यात असली तरी.

रात्री गाडी लावली की उलटा खेळ होतो. चार्जरचा चौदा अँपिअर करंट परत येताना निम्मा घराच्या मीटरमधून जातो. घरात तेव्हा फक्त फ्रीज आणि पंखा चालू असतो, फेजवर एखादा अँपिअर. न्यूट्रलवर सात दिसतात, आणि घराचा मीटर सात धरतो. म्हणून तुमचं घराचं बिलही वाढलं. १८० युनिट वापरणाऱ्या घरात दिवसाला सहा युनिट, नऊ दिवसांचे चोपन्न, त्याचे निम्मे सत्तावीस. तुमचा आकडा २६ आहे. वायरची लांबी आणि जाडी सारखी नसल्यामुळे विभागणी नेमकी अर्धी होत नाही, एवढाच काय तो फरक.

आरसीसीबी याच कारणाने ट्रिप होत होती. तिचं काम फेज आणि न्यूट्रलमधला फरक ओळखून पुरवठा तोडणं हेच आहे. घराचा करंट गाडीच्या न्यूट्रलमधून जायला लागला की तिला फरक दिसणारच. ती वायरिंगमधली चूक दाखवत होती, आणि आपण तिलाच काढून टाकलं. त्यातला धोका शेवटी सांगतो.

हे मी नुसत्या अंदाजाने बोलत नाही. सांगलीत विश्रामबागला एका घरी मला असंच बोलावलं होतं. त्यांनी मीटर सदोष आहे म्हणून अर्ज केला होता, तपासणीत मीटर बरोबर निघाला, आणि घरच्यांचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. मी रात्री नऊच्या सुमाराला गेलो, कारण त्या वेळी घरात सगळे असतात आणि उपकरणं चालू-बंद करून बघता येतात. गाडीची एमसीबी खाली केली. चार्जर बंद, त्याचा दिवा बंद. तरी गाडीच्या मीटरवरचा युनिट मोजताना लुकलुकणारा तांबडा दिवा संथपणे चालूच होता. मी मीटरमधून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रलला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला आणि वहिनींना गीझर चालू करायला सांगितला. क्लॅम्पवर अर्धा अँपिअर होता तो एकदम ४.१ झाला, आणि मीटरचा दिवा भराभर लुकलुकायला लागला. गीझर बंद केला, पुन्हा अर्धा. तीनदा केलं, तीनदा तेच. घरमालक शेजारी टॉर्च धरून उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे अंघोळ आम्ही करतोय आणि युनिट गाडीच्या नावावर पडतायत." डीबी उघडली तर जुन्या न्यूट्रल लिंकच्या शेवटच्या स्क्रूखाली नवी काळी वायर दाबून बसवलेली होती.

हीच परीक्षा तुम्ही क्लॅम्प मीटरशिवायही करू शकता. एका संध्याकाळी गाडीची एमसीबी खाली करा, गाडी लावू नका. मीटरचं बटण दाबत जा, डिस्प्लेवर केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा आकडा येतो, तो दोन्ही मीटरचा दशांशासकट लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. मग घरात गीझर आणि इस्त्री अर्धा तास चालवा. गाडीचा मीटर पुढे सरकला तर न्यूट्रल एकत्र आहे, यात शंका नाही. दुसरी परीक्षा उलटी, पण ती दुरुस्ती होऊन आरसीसीबी परत बसल्यावरच करा: रात्री घरातलं सगळं बंद करा आणि गाडी तासभर लावा. घराचा मीटर हलला तर तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सिद्ध झाली. मात्र मीटरची किंवा डीबीची झाकणं उघडू नका, आणि मीटरचं सील तर अजिबात हलवू नका. सील तुटलेलं दिसलं तर वेगळंच प्रकरण अंगावर येतं.

अशा वेळी आणखी एक शक्यता तपासून बघतोच, ती म्हणजे मीटरची अदलाबदल. दोन मीटर शेजारी शेजारी असले की कधी घराची केबल गाडीच्या मीटरला आणि गाडीची घराच्या मीटरला लागलेली असते. गाडीची एमसीबी खाली केल्यावर नेमकं काय बंद होतं ते बघितलं की हे लगेच कळतं. तुमच्या आकड्यांवरून तसं वाटत नाही.

दुरुस्ती तासाभराची आहे. गाडीच्या मीटरची न्यूट्रल थेट चार्जरपर्यंत स्वतंत्र न्यायची, मधे कुठेही घराच्या न्यूट्रलला शिवू द्यायची नाही. दोन्ही सर्किटची अर्थिंग एकत्र असली तर चालते, न्यूट्रल नाही. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि झाल्यावर वरच्या दोन्ही परीक्षा त्याच्यासमोर करा. आधी दिलेले जास्तीचे पैसे परत मिळतील का? नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मीटरने जे मोजायचं ते नियमाप्रमाणेच मोजलं, चूक मीटरच्या पुढच्या, म्हणजे आपल्या वायरिंगमधली आहे. म्हणून मीटर तपासणीचे पैसे भरण्याच्या आधी ही परीक्षा करा. परीक्षा निर्दोष निघाली आणि तरी रिडिंग पटत नसेल, तर मात्र तक्रार करा. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, रिडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यावर वितरण कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर लावायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवून दोन्ही आकडे ताडून बघायचे असतात.

इथे एक सावधगिरी. गाडीच्या स्क्रीनवर किंवा चार्जरच्या ॲपवर दिसणारी युनिटं आणि मीटरवरची युनिटं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. बॅटरीत १० युनिट जायला भिंतीतून ११ ते साडेअकरा घ्यावी लागतात, बाकीची चार्जिंगच्या उष्णतेत जातात. तुमची गाडी युनिटला साडेसात किलोमीटर देते असं धरलं तर हजार किलोमीटरला १३३ युनिट, वर ही घट धरून दीडशे. गाडीच्या मीटरवर दीडशेच्या आसपास आकडा आला तर तो रास्त समजा.

आता 'लॉक'. तुमचा मीटर पोर्चमध्ये, गेटच्या आत आहे. रिडिंग घेणारा दुपारी येतो, तेव्हा गेटला कुलूप असतं. 'लॉक' म्हणजे मीटरपर्यंत पोचता आलं नाही, म्हणून अंदाजाने बिल. पुढे खरं रिडिंग आलं की आधी भरलेली रक्कम बिलात वजा दाखवतात, तिला 'लॉक क्रेडिट' म्हणतात. ती ओळ तुमच्या दुसऱ्या बिलात आहे का ते बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दोन महिन्यांची युनिटं एका बिलात आली असतील तर स्वस्त टप्पाही दोन महिन्यांचा मिळायला हवा, म्हणजे पहिला टप्पा १०० नाही, २०० युनिटचा. हे बिलाच्या मागच्या हिशोबात दिसतं. मिळाला नसेल तर दोन्ही बिलांच्या प्रती जोडून महावितरणच्या उपविभागात अर्ज द्या, यात वाद होत नाही. इथून पुढे महावितरणच्या ॲपवरून रिडिंगचा फोटो ठरलेल्या मुदतीत स्वतः पाठवत जा, नाहीतर मीटर गेटबाहेरच्या खांबावर हलवून घ्या.

आता दराकडे वळू. नवीन गाडीवाल्यांचा इथे सर्वात जास्त गोंधळ होतो, कारण 'ईव्हीचा दर' म्हणून जे ऐकू येतं तो मुळात चार्जिंग स्टेशनचा दर आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र वर्गवारी काढली. त्याच आदेशांत असंही लिहिलेलं आहे की स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज करणाऱ्याला त्या जागेच्याच वर्गवारीचा दर लागेल. घर असेल तर घरगुती, दुकान असेल तर वाणिज्यिक. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाही घरच्या चार्जिंगला घरगुती दरच सांगतात. दुसरी गोष्ट, गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला वर सांगितलेल्या २०२४ च्या दुरुस्तीनेच दिला आहे. वेगळा मीटर घेऊन तुम्ही काही वावगं केलेलं नाही.

वेगळ्या मीटरचा फायदा सगळा टप्प्यांत आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकाने गणित करून दाखवतो. पुढे दर बदलले आहेत, तेव्हा आपल्या ताज्या बिलावरचे दर घालून हेच पुन्हा करा. त्या वर्षी वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटला ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथे सोडून देतो.

घराचे १८० आणि गाडीचे १५० असे ३३० युनिट एकाच मीटरवर असते तर शुल्कासकट ४,०३६ रुपये झाले असते. दोन घरगुती मीटर असतील तर स्वस्त टप्पा दोनदा मिळतो, स्थिर आकार दोनदा लागतो, आणि बेरीज ३,३८९ होते. महिन्याला साधारण साडेसहाशेचा फरक. उन्हाळ्यात एसी चालून घर ३५० वर गेलं तर हा फरक बाराशेच्या पुढे जातो. गाडी पाचशे किलोमीटरच फिरत असेल तर तो साडेतीनशेच्या खाली येतो. आणि न्यूट्रलच्या त्या एका जोडाने तुमच्या दोन मीटरवर मिळून १३० युनिट जास्त पडतायत, त्यांचे याच दराने १,७२८ रुपये होतात. वाचवायला निघालो साडेसहाशे आणि जातायत सतराशे, हे बघूनच मला हे उत्तर एवढं लांबवावंसं वाटलं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. एकाच घरात, एकाच नावावर दोन घरगुती मीटर म्हटलं की वितरण कंपनीला पहिली शंका येते ती टप्पा चोरण्याची, आणि ती शंका अनाठायी नाही. लोक खरंच एका घराचे दोन मीटर करून वापर वाटून घेतात, आणि सापडल्यावर दोन्हींचे युनिट एकत्र करून फरक वसूल होतो. गाडीचा मीटर गाडीसाठीच आहे हे कागदावर आणि भिंतीवर, दोन्हीकडे दिसलं पाहिजे. मी अर्जासोबत गाडीच्या आरसीची प्रत, चार्जरची पावती आणि माझा टेस्ट रिपोर्ट लावतो. उद्देशाच्या रकान्यात नुसतं 'ईव्ही चार्जिंग' लिहीत नाही, 'राहत्या घरात स्वतःच्या खाजगी गाडीचे चार्जिंग' असं पूर्ण लिहितो. कराडच्या एका ग्राहकाच्या अर्जात नुसतं 'चार्जिंग' लिहिलं होतं आणि त्यांना वाणिज्यिक वर्गवारी लागली. तिथे स्थिर आकार घरगुतीच्या कित्येक पट असतो आणि वीज शुल्क २१ टक्के. दोन महिन्यांनी अर्ज देऊन ती बदलून घेतली, पण तेवढी धावपळ झालीच.

तुमच्या बिलावर 'दर संकेत' असा रकाना आहे. तिथे दोन्ही बिलांवर घरगुती सिंगल फेज, म्हणजे 'एलटी वन रेस' असं आहे का, हे आजच बघा. वेगळं काही असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि आयोगाच्या दर आदेशातल्या 'स्वतःची गाडी, स्वतःची जागा' या वाक्याचा उल्लेख करा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. सातारा बारामती परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडळात, त्याप्रमाणे मंच बघायचा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. तोंडी बोलणी किती झाली याला तिथे किंमत नसते, म्हणून पोच जपून ठेवा.

आणि त्या मीटरवर दुसरं काहीही लावू नका. पोर्चमधला एक दिवासुद्धा नको. "मोटार पाण्याची आहे, जवळच आहे, लावून टाकू" असं वायरमन म्हणेल, त्याला नाही म्हणा. कास किंवा महाबळेश्वरच्या रस्त्याला ज्यांचं होमस्टे आहे आणि पाहुण्यांच्या गाड्या चार्ज करून देतात, त्यांचं प्रकरण वेगळं, ते घरगुती राहत नाही. शेतातल्या कृषिपंपाच्या जोडणीवर गाडी लावणारेही मी पाहिले आहेत. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली मंजूर कारणाशिवायचा वापर धरून दुप्पट दराने आकारणी होते. त्या वाटेला जाऊ नका.

एक मीटर की दोन, या तुमच्या मूळ प्रश्नाला माझा एकच मोठा 'पण' आहे, तो म्हणजे छतावरचं सोलर. नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची जास्तीची वीज बिलातून वजा करण्याची सोय, एका ग्राहक क्रमांकाला जोडलेलं असतं. घराच्या मीटरवर सोलर बसवलं तर त्याची जास्तीची युनिटं गाडीच्या वेगळ्या मीटरच्या बिलातून वजा होत नाहीत. एक किलोवॅटचं पॅनल साताऱ्याच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं, तीन किलोवॅटचं महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. तुमचं घर आणि गाडी मिळून ३३० आहे, म्हणजे जवळपास सगळं बिल त्यात बसतं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोलर येत्या वर्षभरात बसवायचा विचार असेल तर मी तुम्हाला वेगळा मीटर बंद करून एकाच मीटरवर या असं सांगेन, आणि टप्प्याचे साडेसहाशे विसरून जायला सांगेन. छत भाड्याचं, सावलीचं किंवा सामाईक असेल आणि सोलर शक्यच नसेल, तर वायरिंग दुरुस्त करून वेगळा मीटर ठेवा. माझं मत एवढं सरळ आहे.

दिवसाच्या सवलतीचाही विषय निघतो. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली. त्या दराने दीडशेच्या दीडशे युनिट दिवसा भरले तरी १२० रुपये होतात. गाडी दिवसा घरी असेल तर जरूर घ्या, त्यासाठी ऑफिसची वेळ बदलू नका.

भाराबद्दल थोडंच. तुमचा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे चौदा-पंधरा अँपिअर, तो सिंगल फेजवर आरामात चालतो. पुढे ७.२ किलोवॅटचा घेतलात तर तो एकटाच एकतीस अँपिअर घेतो आणि सिंगल फेजची मर्यादा चाळीस आहे. मग एकाच मीटरवर घर आणि गाडी चालवायला थ्री फेज लागतं, आणि त्याचा स्थिर आकार तिपटीहून जास्त असतो. चोवीस युनिटच्या बॅटरीला रात्रभर ३.३ पुरतो, तो बदलू नका.

अर्थिंग मात्र तपासून घ्या. अजिंक्यताऱ्याच्या उताराला वरती मुरूम आणि खाली काळा पाषाण, तिथे अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा पडतो आणि उन्हाळ्यात चार्जर 'अर्थ फॉल्ट' दाखवून बंद होतो. पिट खोल घ्यावा लागतो, कधी दोन घ्यावे लागतात. सांगलीत काळ्या मातीमुळे अर्थिंग सोपी, तिथे काळजी वेगळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथल्या सखल भागात मी मीटर आणि चार्जर दोन्ही त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर घेतो, केबल लांब लागली तरी.

शेवटी ती आरसीसीबी. न्यूट्रल वेगळी झाल्यावर त्या जागी ३० मिलिअँपिअरची, टाइप ए प्रकारची आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच, बसवून घ्या. साधी एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. गाडीची पत्र्याची बॉडी चार्जिंगच्या वेळी अर्थिंगला जोडलेली असते. पोर्च उघडा आहे, पावसात ओली फरशी, अनवाणी मूल गाडीला हात लावतं, आणि त्याच वेळी अर्थ पिट कोरडा किंवा वायर सुटलेली असेल तर वाचवणारं दुसरं काही उरत नाही. काम होईपर्यंत गाडी घरी लावू नका. पाच-सहा दिवस बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करा, चार पैसे जास्त जातील. संध्याकाळची परीक्षा करून दोन्ही मीटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे इथे लिहा, ते बघून जोड कुठे असेल ते सांगतो, म्हणजे येणाऱ्या वायरमनला कुठली डीबी आधी उघडायची ते कळेल.